मोटारीच्या सुकाणूचे लहरी दुखणे

दुखण्यांचे दोन प्रकार असतात. एक, आले म्हणजे ठाण मांडून बसणारे. आणि दुसरे, पाळीच्या तापासारखे येऊन-जाऊन असणारे. पहिले कितीही कठीण असले तरी निदान वैद्याच्या दृष्टीस पडते. दुसऱ्याचे तसे नाही. अंगात हुडहुडी भरलेली असते तेव्हा वैद्य जवळ नसतो, आणि वैद्यापुढे जाऊन बसावे तो अंग गार व नाडी स्वस्थ. यंत्रांनाही हे दुसऱ्या प्रकारचे दुखणे होते. ते मोटारगाडीच्या सुकाणूला, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात स्टिअरिंगला, जडले म्हणजे साऱ्या घराच्या जिवाला घोर लागतो. खिडकीची काच अडकली तर गैरसोय होते. ऐन वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले तर गाडीत बसलेली पोरेबाळे डोळ्यांपुढे उभी राहतात.

अशी गाडी गॅरेजात नेली म्हणजे काय होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. मिस्त्री एक फेरी मारून येतो, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहतो, आणि “साहेब, काहीच दोष नाही,” असे सांगून किल्ली परत देतो. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग गाडी दुसऱ्या गॅरेजात जाते. तेथील मनुष्य तितक्याच खात्रीने सांगतो की, संपूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. आणि जो आकडा उच्चारतो तो ऐकून निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या गृहस्थाने खुर्चीचा आधार घ्यावा. एकाच्या मते काहीच बिघडलेले नाही, दुसऱ्याच्या मते सर्वच बिघडलेले आहे. दिसावयास ही मते परस्परविरुद्ध; परंतु दोन्ही एकाच कारणातून निघालेली असतात. दोष प्रत्यक्ष घडताना दोघांपैकी एकानेही पाहिलेला नसतो.

ह्या दुखण्याचे निदान कसे करावे आणि त्यापायी पैसा व्यर्थ कसा जाऊ देऊ नये, हे समजण्यासाठी स्टिअरिंगची रचना थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. घोडागाडीच्या काळी पुढचा सबंध आस मधल्या खिळीभोवती फिरत असे. म्यूनिक येथील गाड्या बांधणारा गेओर्ग लांकेनस्पेर्गर ह्याने प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर स्वतंत्रपणे वळेल अशी युक्ती काढली, आणि १८१८ साली लंडनमध्ये रूडॉल्फ ॲकरमन ह्याने तिचे पेटंट घेतले. मोटारीची पुढची चाके आजही ह्याच कल्पनेच्या आधारे वळतात. चालकाच्या हातातील चक्राला एक लांब दांडा जोडलेला असतो. त्या दांड्यात वाकड्या वाटेने फिरता यावे म्हणून एक-दोन सांधे असतात. त्यांना युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, असते. ते आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकविते. रॅकच्या दोन टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट. हा बॉल जॉइंट मनुष्याच्या खांद्यासारखाच समजावा: वाटीत बसलेला गोळा, भोवती ग्रीसचे वंगण, आणि धूळपाणी आत शिरू नये म्हणून वर रबरी टोपी. ही टोपी फाटली की सांध्याचे आयुष्य मोजकेच राहिले म्हणून समजावे.

एवढ्यानेही गाडी वळते. परंतु पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार असतो, आणि उभ्या गाडीची चाके वळविताना मनगटे दुखून येतात. म्हणून यंत्राची मदत घेण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस ह्या इंजिनियराने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारी मदत एका गाडीत बसवून दाखविली, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती आपल्या इम्पीरियल गाडीत विक्रीसाठी आणली. पुढे १९८८ साली जपानात सुझुकी कंपनीच्या सर्व्हो ह्या लहानशा गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करू लागली. आज भारतात घरोघरी ज्या नव्या गाड्या दिसतात त्यांत बहुतेक ही विजेचीच मदत असते. तिचे कार्य मोठे मौजेचे आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई बसविलेली असते. चालकाने चक्र फिरविले की तिला किंचित पीळ पडतो. किती पीळ पडला आणि कोणत्या बाजूस, हे एक सेन्सर मोजतो. एक छोटा संगणक तो पीळ व गाडीचा वेग ह्यांचा मेळ घालतो. आणि त्या हिशेबाने विजेची मोटर जोर लावते. वेग कमी असता मदत जास्त, वेग वाढला की मदत कमी. संगणकाला कोणत्याही मापनाविषयी शंका आली की तो चुकीची मदत करण्यापेक्षा मदतच बंद करतो, आणि काचेखाली चक्राच्या चित्राचा पिवळा किंवा तांबडा दिवा लावतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की तो पुनश्च सर्व तपासून पाहतो. त्या क्षणी सारे ठीक आढळले तर दिवा विझतो व मदत परत येते. दोष येतो आणि जातो असे मालकाला वाटते, त्याचे अर्धे रहस्य ह्या पुनर्तपासणीत आहे.

येथे एक भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो न कळल्यामुळे एकीकडे जिवाला धोका व दुसरीकडे खिशाला खार, अशा दोन्ही गोष्टी घडतात. स्टिअरिंग जड होणे निराळे, आणि ढिले होणे निराळे. जड झाले म्हणजे बहुधा मदतनीस रुसला. दांडा, सांधे, रॅक ही साखळी शाबूत असते, आणि जोर लावला तर गाडी वळते. ढिले झाले, म्हणजे चक्र थोडे फिरविले तरी चाके हलत नाहीत, खड्ड्यातून जाताना हाताला ठक्‌ठक्‌ जाणवते, गाडी सरळ ठेवण्यासाठी चक्र सारखे इकडेतिकडे करावे लागते, तर ती साखळीच कोठेतरी झिजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल झाला आहे. पहिल्या दुखण्यात जपून, हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येते. दुसऱ्यात गाडी जागची हलवू नये. पुढची चाके उचलून नेणारी क्रेन बोलवावी. ढिलेपणाची बाहेरची मर्यादा कायद्यानेही घालून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमाप्रमाणे स्टिअरिंग-चक्राची रिकामी फिरत ३० अंशांहून अधिक असता कामा नये, सांध्यांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत, आणि बोल्ट वा पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत. ३० अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरील एका तासाचे अंतर. १५ इंच व्यासाच्या चक्रावर सुमारे ४ इंच. ही मर्यादा सर्व तऱ्हेच्या वाहनांकरिता आहे. रॅक असलेल्या लहान गाडीत एवढी फिरत होईपर्यंत वाट पाहणे हा शुद्ध अविचार होय. तेथे चक्राच्या कडेवर इंचभर जरी रिकामी हालचाल दिसली तरी गाडी उचलून सांधे पाहावेत.

आता दोष लहरी का होतो, ते पाहिले पाहिजे. लहर हा शब्द मनुष्याने आपल्या सोयीसाठी योजलेला आहे. यंत्राला लहर नसते. उष्णता, पाणी, हादरा आणि विजेचा दाब ह्या चारांपैकी एखादी गोष्ट बदलली की दोष प्रकट होतो, आणि ती पूर्ववत झाली की दोष झाकला जातो. चालकाला बदल दिसत नाही म्हणून त्याला ती लहर वाटते.

विजेच्या दाबाची गोष्ट आधी घेऊ. कारण सर्वांत स्वस्त दुरुस्ती तिच्यात असते आणि सर्वांत महाग चुकाही तिच्याचमुळे होतात. गाडीच्या पुढच्या दिव्याचा नेहमीचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपियर प्रवाह घेतो. उलट उभ्या गाडीची चाके वळविताना स्टिअरिंगची मोटर ४० अँपियर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह एकदम मागते. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे, किंवा इंजिनाकडून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे, आणि त्या जोडात केवळ ०.०५ ओहम एवढा रोध निर्माण झाला आहे, असे धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे ४० अँपियरच्या वेळी त्या जोडात २ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीचे १२ व्होल्ट मोटरीपर्यंत पोहोचेतो १० होतात, आणि संगणक घाबरून मदत बंद करतो. परंतु गॅरेजातील मिस्त्रीने चक्राला हात न लावता मीटर लावले तर तारेतून जेमतेम २ अँपियर वाहत असतात. त्या वेळी तोच जोड फक्त ०.१ व्होल्ट खातो, आणि मीटर सर्व ठीक असल्याची ग्वाही देते. मीटर खोटे बोलत नाही. त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो. दिवे, पंखा व वातानुकूलन चालू ठेवून, कोणीतरी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवीत असता मोजमाप केले तर लपलेला जोड तत्काळ उघडा पडतो. ह्या तपासणीस पंधरा मिनिटेही लागत नाहीत. तरी ती फार थोड्या ठिकाणी होते, हे नवल.

पाण्याचे म्हणाल तर कोकणात आणि मुंबईत त्याविषयी सांगावयास नको. कनेक्टरात ओल शिरली की तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात दोष, दिवाळीनंतर आराम, असे चक्र दोन-दोन वर्षे चालते. उंदीर हा आणखी एक शत्रू. बिल्डिंगीखाली आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत तो सुखाने बिऱ्हाड करतो, आणि तारेवरील आवरण कुरतडतो. तार पूर्ण तुटली असती तर बरे झाले असते, ती सापडली असती; अर्धवट कुरतडलेली तार हादऱ्याबरोबर जोडली व तुटली जाते.

उष्णतेने होणारा प्रकार घाटात विशेष दिसतो. कसारा घाट असो वा ताम्हिणी, वळणावर वेग कमी, म्हणजे मदत अधिक हवी. वळणामागून वळण, म्हणजे मोटरीला विसावा नाही. मोटर फार तापली की संगणक तिच्या रक्षणार्थ मदत हळूहळू कमी करतो. अरुंद जागेत गाडी लावताना चक्र शेवटच्या टोकापर्यंत नेऊन तेथेच जोराने दाबून धरण्याची सवय पुष्कळांना असते, तिनेही हेच होते. थोडा वेळ थांबल्यावर मदत परत येत असेल, तर तो दोष नसून यंत्राने राखलेली मर्यादाही असू शकेल. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तसा उल्लेख बहुधा आढळतो. ती पुस्तिका बहुतेक घरी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेली नसते, ही गोष्ट वेगळी.

विजेशी काही संबंध नसलेले दोषही लहरी असू शकतात. युनिव्हर्सल जॉइंट गंजून घट्ट झाला तर चक्राच्या एका फेऱ्यात दोन जागी जड आणि दोन जागी हलके लागते. हे लक्षण इतके स्पष्ट आहे की, ते ओळखावयास कोणतेही उपकरण लागत नाही. शॉक ॲब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग अडकू लागले तर वळण संपल्यावर चक्र आपोआप मध्यावर येत नाही. एका चाकात हवा कमी असली, किंवा एका बाजूचा ब्रेक सुटत नसला, तर गाडी एका अंगाला ओढते, आणि बिचाऱ्या स्टिअरिंगवर आळ येतो. जुन्या, तेलाच्या मदतीच्या गाड्यांत तेलाची पातळी खाली गेली की वळविताना कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि पट्टा सैल असला तर पावसात तो घसरून चक्र क्षणभर जड होते. तेथे नुसते तेल घालून भागत नाही. तेल उडून जात नसते. ते कोठून गळते ते शोधलेच पाहिजे.

इतकी कारणे असता निदान कसे व्हावे? येथे पाळीच्या तापाचा दृष्टांत पुन्हा कामास येतो. ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, थंडी वाजून की घाम येऊन, हे घरच्या माणसांनी टिपून ठेवले असले तर वैद्याचे काम सोपे होते. समजा, ठाण्यातील एका कुटुंबाच्या गाडीचे स्टिअरिंग अधूनमधून जड होते. वडील म्हणतात, “रोज होते.” मुलगा म्हणतो, “मला कधीच झाले नाही.” गाडीत एक वही ठेवली आणि प्रत्येक प्रसंगी पाच गोष्टी लिहिल्या: गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, वेग किती, हवा कोरडी की ओली, दिवे-पंखा चालू होते की नाही, आणि काचेखाली कोणता दिवा लागला. तीन आठवड्यांनंतर असे दिसून येते की, सातही प्रसंग संध्याकाळचे आहेत, दिवे व वातानुकूलन चालू असतानाचे आहेत, आणि गाडी फाटकातून आत वळवून जागेवर लावतानाचे आहेत. मुलगा गाडी सकाळी नेतो. त्याला दोष न दिसणे साहजिक होते. अशी वही पाहिल्यावर कोणताही समजूतदार मिस्त्री आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग पाहील. काचेखालच्या दिव्याचे छायाचित्र मोबाईलवर घेतले तर सोन्याहून पिवळे. मात्र ते शेजारी बसलेल्या माणसाने घ्यावे.

वहीच्या जोडीला गाडीच्या संगणकाची स्वतःची वही असते. दोष घडला की तो त्याची सांकेतिक नोंद करतो, आणि दोष गेल्यावरही पुष्कळदा ती नोंद राहते. स्कॅनर लावून ती वाचता येते. म्हणून गॅरेजात गेल्यावर पहिली विनंती अशी असावी की, बॅटरीची तार काढण्यापूर्वी आणि काहीही पुसण्यापूर्वी नोंदी वाचून त्यांचे आकडे कागदावर लिहून द्यावेत. काही गॅरेजांत आधी नोंदी पुसतात, दिवा विझतो, आणि गिऱ्हाईक खूष होऊन जाते. चोरी झालेल्या घरातील पावलांचे ठसे झाडून काढण्यासारखाच हा प्रकार आहे. आणखी एक गोष्ट: स्टिअरिंगच्या संगणकासाठी वाचणारा स्कॅनर लागतो, इंजिनापुरतेच वाचणारे स्वस्त उपकरण “दोष नाही” असे सांगेल, आणि त्याचा अर्थ काहीच होणार नाही.

खर्चाच्या बाबतीत संशयितांची रांग स्वस्ताकडून महागाकडे लावावी, हे सर्वसाधारण सूत्र खरे. पण त्याला एक अपवाद आहे. ढिलेपणाचे लक्षण असेल तर आधी गाडी उचलून टाय रॉड व बॉल जॉइंट पाहावेत, पैशाचा विचार मागाहून. एरवी टर्मिनल साफ करणे व अर्थिंगची पट्टी घट्ट करणे हे शेकड्यांत होते. व्हील अलाइनमेंटही शेकड्यांतच. बॅटरी काही हजारांत. आणि मोटर, सेन्सर व संगणक एकत्र असलेली स्टिअरिंगची असेंब्ली घ्यावयाची तर लहान गाडीतही दहा-वीस हजारांपासून पुढे, मोठ्या गाडीत त्याच्या कितीतरी पट. समजा, वरील कुटुंबाने घाईने २४,००० रुपयांची असेंब्ली बसविली. नवी असेंब्ली बसविताना सर्व जोड काढून लावले गेले, त्यामुळे गंजलेला जोडही थोडा घासला गेला, आणि दोन महिने दोष आला नाही. सर्वांना वाटले, रोग गेला. तिसऱ्या महिन्यात तो परत आला. मग ६,००० रुपयांची बॅटरी, आणि शेवटी ५०० रुपयांची पट्टी. एकूण ३०,५०० रुपयांपैकी ३०,००० कशासाठी गेले, हे सांगावयास नको. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. असेंब्ली बदलणे मिस्त्रीला सोपे जाते, आणि दोष शोधण्याच्या मजुरीस गिऱ्हाईक कुरकुर करते. तेव्हा तो न शोधता बदलतो. शोधण्याचा तासाभराचा मेहनताना वेगळा देण्याची तयारी मालकाने दाखविली तर पुष्कळ अनर्थ टळतील.

तरीही काही वेळा असेंब्ली खरोखरच गेलेली असते. तेव्हा लेखी अंदाजपत्रक घ्यावे, त्यात सुटा भाग, मजुरी व कर वेगवेगळे मांडलेले असावेत, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. आतील सेन्सर वा मोटर तेवढीच दुरुस्त करून देणारे कारागीर मोठ्या शहरांतून आहेत. त्यांच्याकडे जाण्यास हरकत नाही. पण हमी लेखी असावी. भंगारातील गाडीचा भाग मात्र ह्या एका बाबतीत घेऊ नये. अपघातात त्याच्या दांड्याला किती मार बसला होता, हे डोळ्यांनी कळत नाही. पुष्कळ गाड्यांत नवी असेंब्ली बसविल्यावर चक्राचा मध्य कोठे आहे हे संगणकाला शिकवावे लागते. तसेच टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. हे खर्च अंदाजपत्रकात आधीच आहेत की नाहीत, ते विचारावे. विम्यावर भिस्त ठेवू नये. अपघाताचा विमा यांत्रिक वा विद्युत् बिघाडाची आणि नेहमीच्या झिजेची भरपाई करीत नाही. कंपनीची वाढीव हमी घेतलेली असेल तर तिच्या अटी वाचाव्यात, आणि दोषाची पहिली तक्रार हमी संपण्यापूर्वी लेखी नोंदवून पोच घ्यावी. हमीच्या काळात तीनदा “काही नाही” म्हणून परत पाठविलेली गाडी हमी संपल्यावर एकाएकी आजारी ठरते, तेव्हा हाच कागद मालकाच्या बाजूने बोलतो.

कधी कधी दोष एका गाडीचा नसून कारखान्याचाच असतो. अमेरिकेत शेवरले कोबाल्ट गाडीची विजेची मदत चालता चालता जाते अशा अकराशेहून अधिक तक्रारी जमल्यावर सरकारी खात्याने २०१० च्या जानेवारीत चौकशी सुरू केली, आणि मार्च महिन्यात जनरल मोटर्सने सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावून त्यांच्या मोटरी विनामूल्य बदलण्याचे जाहीर केले. ह्या गाड्या मदतीवाचूनही वळत होत्या, परंतु कमी वेगात फार जोर लावावा लागे. २०२४ च्या ऑक्टोबरात होंडा कंपनीने अमेरिकेतील सुमारे १७ लाख गाड्या बोलाविल्या. तेथे स्टिअरिंगमधील एका दातेरी चाकाचे घर्षण वाढून चक्र मध्येच अडकल्यासारखे होई. उपाय म्हणून स्प्रिंग बदलून ग्रीस नीट भरण्यात आले. भारतात मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये टाय रॉडच्या संशयावरून एस-प्रेसो व ईको मिळून ८७,५९९ गाड्या तपासणीस बोलाविल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या संशयावरून २,५५५ अल्टो के-१० बोलाविल्या. ह्या शेवटच्या प्रसंगी भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नये असे मालकांना सांगण्यात आले होते. जड आणि ढिले ह्यांतील भेद कारखानदारही किती गंभीरपणे घेतात, हे त्यावरून दिसते. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वी आपल्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. फुकट होणारे काम विकत घेण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या ११०-अ ह्या कलमाने सदोष गाड्या परत घेण्याचा हुकूम करण्याचा अधिकार सरकारास दिला आहे, आणि सेवेतील न्यूनतेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथेही वही, लेखी अंदाजपत्रके आणि पोच हीच उपयोगी पडतात.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालविणे भाग पडले तर घरातील प्रत्येक चालकाला पुढील गोष्ट माहीत असली पाहिजे. स्टिअरिंग एकाएकी जड झाले तर घाबरून इंजिन बंद करू नये आणि किल्लीला हात लावू नये. पुष्कळ गाड्यांत किल्ली काढल्यावर चक्राला कुलूप लागते, आणि मग ते जोरानेही फिरत नाही. ॲक्सिलरेटर सोडावा, चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरावे, दिशादर्शक दिवा लावून गाडी कडेला घ्यावी. वेग कमी होत जाईल तसतसे चक्र अधिकच जड लागेल, ह्याची आधीच कल्पना असावी. झटके देऊन वळवू नये. मदत मध्येच परत आली तर सारा जोर एकदम लागून गाडी नको तितकी वळते. ज्यांच्या मनगटात जोर उरलेला नाही अशा वडीलधाऱ्या मंडळींनी ह्या दिवसांत गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. घाटाचा प्रवास कोणीच करू नये.

काही लोक ह्या सर्व त्रासाला कंटाळून गाडीच विकून टाकतात, आणि गिऱ्हाइकाला दोष दाखवीत नाहीत. त्या दिवशी दोष नसतो, गाडी गुळगुळीत चालते, आणि सौदा होतो. जुन्या कपाटाचे दार करकरते हे लपविणे वेगळे. येथे विकत घेणाऱ्याची बायकोमुले त्याच गाडीत बसणार असतात. दोष लिहून देऊन किंमत कमी घ्यावी, किंवा दुरुस्त करून विकावी. गाडीच्या किंमतीच्या मानाने दुरुस्ती फारच जबर असेल तर ती भंगारात देण्याचा मार्गही मोकळा असतो.

दुरुस्ती झाली असे केव्हा समजावे, हा प्रश्न राहिला. गॅरेजातून गाडी घरापर्यंत नीट आली, एवढ्यावरून काही ठरत नाही. ती पूर्वीही पुष्कळदा नीट आली होती. वहीत ज्या परिस्थितीत दोष घडल्याची नोंद आहे तीच परिस्थिती पुन्हा आली पाहिजे. संध्याकाळी दिवे लावून होत असेल तर संध्याकाळी दिवे लावूनच पाहावे; पंधरा-वीस वेळा चक्र टोकापासून टोकापर्यंत फिरवावे. दोष पावसातला असेल तर डिसेंबरात दिलेली ग्वाही पुढच्या जूनपर्यंत अपुरीच समजावी, आणि बसविलेल्या भागाची हमी तोपर्यंत पुरेल अशी बोलून घ्यावी. बिलावर भागाचा क्रमांक व तारीख लिहून घ्यावी, आणि वही गाडीतच राहू द्यावी.